शिकस्त इमारत, पाडकामाची नोटीस आणि परतीचा हक्क

मृगाचा पाऊस तोंडावर आला, की विदर्भातील नगर परिषदांच्या बांधकाम विभागांना शहरातील जुन्या इमारतींची आठवण होते. शिकस्त घरांच्या याद्या तयार होतात, नोटिसा निघतात, भिंतींवर सूचना चिकटवल्या जातात. आठ महिने कोणाच्या खिजगणतीत नसलेली कवेलूंची माडी जून महिन्यात अचानक 'जीवितास धोकादायक' ठरते. नोटीस घरमालकाच्या नावाने निघते. तिचा धसका मात्र खालच्या मजल्यावरील दुकानदाराने आणि मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाने घ्यायचा असतो. पावसाळा सरला, की यादी पुन्हा फाइलमध्ये जाते आणि इमारत आणखी एका वर्षाने जुनी होते.

गोंदिया हे अशा इमारतींचे शहर आहे. बंगाल-नागपूर रेल्वेमुळे वाढलेले जंक्शन, तांदळाच्या गिरण्या, तेंदूपाने आणि विडीचा व्यापार यांवर या शहराची बाजारपेठ उभी राहिली. गोरेलाल चौकाच्या परिसरात आणि जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत त्या काळातील व्यापाऱ्यांनी बांधलेली घरे आजही आहेत. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे, मागे गोदाम अशी त्यांची रचना. मूळ मालकांच्या पुढच्या पिढ्या नागपूर, रायपूर किंवा त्याहूनही दूर गेल्या. भाडेकरूंच्या पिढ्या मात्र तेथेच राहिल्या. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, मुख्यालयाचा मान शहराला मिळाला आणि जागेचे भाव चढले. जुन्या भाड्याचे आकडे मात्र जेथल्या तेथे राहिले. मालकाला इमारत पाडावीशी वाटणे आणि भाडेकरूला ती कशीबशी उभी राहावी असे वाटणे, या दोन्ही इच्छांचे मूळ या विसंगतीत आहे.

मालकाला सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाला भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. सन २००० मध्ये एखाद्या गाळ्याचे भाडे महिना १०० रुपये असेल आणि ही वाढ चक्रवाढीने धरली, तरी २०२५ मध्ये ते सुमारे २६७ रुपये होते. एवढ्या रकमेत कवेलू फेरणाऱ्या मजुराची दिवसाची मजुरीही निघणे कठीण. भाडे दशकानुदशके गोठवून ठेवणे मनमानी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सुनावले होते. जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची घाई राज्य सरकारला झाली, ती त्यानंतर. तेव्हा डागडुजी न करणाऱ्या मालकाकडे दुष्टावा असेलच असे नाही. पुष्कळदा त्याचा हिशेबच जुळत नाही.

हिशेब जुळत नाही म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येते का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर विदर्भात ३१ मार्च २००० पूर्वी एक होते आणि त्यानंतर दुसरे आहे.

त्या तारखेपर्यंत गोंदियाला मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा लागू नव्हता. येथे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे. त्याची पद्धत वेगळी होती. मालकाने प्रथम भाडे नियंत्रकाकडे, म्हणजे महसूल खात्यातील अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, भाडेपट्टा संपुष्टात आणण्याची परवानगी मिळवायची, मग नोटीस द्यायची आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. एका भाडेकरूसाठी दोन दरवाजे ठोठवावे लागत आणि दोन्हीकडे वर्षे जात. या आदेशात मालकाला आवश्यक दुरुस्ती वा फेरबदल करायचे असतील तर परवानगीची सोय होती. इमारत पाडून तेथे नवी बांधायची आहे, हे स्वतंत्र कारण मात्र मुंबईच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत होते. १९९९ च्या कायद्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे तीन निरनिराळे कायदे रद्द करून एकच कायदा आणला आणि मुंबईचे ते कारण गोंदियालाही लागू झाले. जुने प्रलंबित अर्ज मात्र जुन्याच आदेशानुसार चालू राहिले. त्यामुळे कितीतरी वर्षे शहरातील काही भाडेकरूंचे वाद महसूल अधिकाऱ्यापुढे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे दिवाणी न्यायाधीशापुढे, असा प्रकार शक्य होता. वकिलांच्याही डोक्याला तो ताप होता.

आजचा आधार आहे कलम १६. त्यात मालकाला ताबा मागता येईल अशी कारणे दिली आहेत, आणि पाडकामाशी संबंधित दोन कारणांतील फरक भाडेकरूच्या दृष्टीने फार मोठा आहे.

पहिले कारण असे, की मालकाला ती जागा तात्काळ पाडण्यासाठी रास्तपणे आणि प्रामाणिकपणे हवी आहे व तेथे नवी इमारत उभारायची आहे. नुसते 'मला पाडायचे आहे' एवढे म्हणून भागत नाही. पाडून रिकामा भूखंड विकायचा असेल किंवा मोटारी उभ्या करायला जागा करायची असेल, तर हे कारण लागूच पडत नाही. शिवाय, न्यायालयाने हुकूमनामा देण्यापूर्वी काही गोष्टींची खात्री करून घेतली पाहिजे, असे कायदा सांगतो. बांधकामासाठी लागणारा पैसा मालकाकडे उपलब्ध हवा. नव्या इमारतीचे नकाशे आणि अंदाजपत्रक नीट तयार केलेले हवे. आणि मालकाने न्यायालयाला हमी द्यायला हवी, की नव्या इमारतीत प्रत्येक भाडेकरूसाठी त्याच्या जुन्या जागेइतक्याच चटई क्षेत्राची जागा ठेवलेली आहे. फरक पाच टक्क्यांपेक्षा अधिक नाही. आणि ती जागा त्यालाच देऊ केली जाईल. संपूर्ण जागेचा ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात पाडकाम सुरू करायचे, तीन महिन्यांत संपवायचे आणि पंधरा महिन्यांत नवी इमारत पुरी करायची, हेही त्याच हमीत येते. मालकाच्या आवाक्याबाहेरची अडचण आली तर न्यायालय मुदत वाढवते, पण एका वेळी तीन महिन्यांहून अधिक नाही आणि एकूण बारा महिन्यांहून अधिक नाही.

कागदावर यापेक्षा नेमकी तरतूद सापडणे अवघड. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असते तेव्हा न्यायालय दोघांपैकी कोणाची अडचण मोठी आहे, याची तुलना करते. पाडकामाच्या दाव्यात तशी तुलना नाही. तिची जागा या अटींनी घेतली आहे. म्हणूनच या दाव्यात भाडेकरूने आपल्या गरिबीचे किंवा तीन पिढ्यांच्या वास्तव्याचे दाखले देण्यापेक्षा मालकाच्या बँक खात्याकडे आणि नकाशांकडे लक्ष द्यावे, हे शहाणपणाचे. पैसा कोठून येणार? विकासक घालणार असेल तर त्याच्याशी लेखी करार आहे का? नकाशा नगर परिषदेने मंजूर केला आहे का? नकाशात भाडेकरूचा गाळा रस्त्याच्या बाजूला दाखवला आहे, की तिसऱ्या मजल्यावर जिन्याआड? दुकानदाराच्या दृष्टीने १२० चौरस फूट म्हणजे केवळ १२० चौरस फूट नसतात. कायदा क्षेत्रफळ मोजतो. दर्शनी भागाचे मोल करणे त्याला जमत नाही.

इमारत मोडकळीला आलेली असलीच पाहिजे का, याबाबतही बराच गोंधळ आढळतो. तामिळनाडूच्या भाडे कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये विजयसिंह विरुद्ध विजयालक्ष्मी अम्माल या प्रकरणात म्हटले होते, की इमारत कोसळण्याच्या बेतात असलीच पाहिजे असे नाही. मालकाचा हेतू प्रामाणिक आहे का, इमारतीचे वय आणि स्थिती काय, पाडून पुन्हा बांधण्याची आर्थिक ताकद त्याच्याकडे आहे का, हे एकत्रितपणे पाहायचे. तो कायदा वेगळा, त्याची भाषा वेगळी. परंतु हेतूच्या प्रामाणिकपणाची ही कसोटी महाराष्ट्रातही उपयोगी आहे, कारण 'रास्तपणे आणि प्रामाणिकपणे' हे शब्द येथील कलमातच आहेत.

गोंदियात या कसोटीला आणखी एक पदर आहे आणि तो मुंबई-पुण्याच्या वाचकाला सहसा ठाऊक नसतो. विदर्भातील शहरांत जुन्या वस्त्यांची बरीच जमीन नझूलची आहे. म्हणजे जमिनीची मालकी शासनाची आणि घरमालक हा शासनाचा भाडेपट्टेदार. आखीव पत्रिकेवर काय लिहिले आहे, पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झाले आहे का, वापराच्या अटींचा भंग झाल्याची नोंद आहे का, यांवर नव्या बांधकामाची परवानगी अवलंबून असते. पट्टा अडकलेला असेल तर नकाशा अडकतो, नकाशा अडकला तर बँकेचे कर्ज अडकते. अशा स्थितीत मालकाने पंधरा महिन्यांत इमारत पुरी करण्याची हमी न्यायालयाला दिली, तर ती कशाच्या बळावर दिली, हे विचारण्याचा भाडेकरूला पूर्ण अधिकार आहे. आपल्याला बाहेर काढू पाहणारा मालक स्वतःही कोणाचा तरी भाडेकरू आहे, हे ध्यानात आले तर वादाचा सूर थोडा बदलू शकतो.

आता दुसरे कारण. नगर परिषदेने किंवा अन्य सक्षम प्राधिकरणाने इमारत पाडण्याचा आदेश दिला असेल, तर त्या तात्काळ पाडकामासाठीही मालकाला ताबा मागता येतो. येथे पैसा, नकाशे, हमी, पंधरा महिने यांतील काहीच नाही. आदेश आहे, इमारत पडणार आहे, जीव वाचवायचे आहेत. एवढेच कायद्यापुढे असते. नगर परिषदेला हा अधिकार १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमाच्या कलम १९५ ने दिला आहे आणि तो असायलाच हवा. भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत कोसळून जवळपास ४० माणसे दगावली, भेंडी बाजारातील हुसैनी इमारतीने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ३० हून अधिक बळी घेतले. अशा घटनांनंतर धोकादायक इमारतीतून माणसे हलवण्याच्या अधिकाराबद्दल कोणी हुज्जत घालू नये.

पण या दोन कारणांत मालकापुढे मोह कोठे उभा राहतो, हे उघड आहे. सरळ मार्गाने गेले तर हमी द्यावी लागते आणि भाडेकरूला नव्या इमारतीत परत घ्यावे लागते. पाच-सात वर्षे छताकडे दुर्लक्ष केले, पन्हळी फुटू दिली, भिंतीत पिंपळ वाढू दिला, तर पालिकेची नोटीस आपोआप येते आणि हमीचा प्रश्नच उरत नाही. काही ठिकाणी तर अभियंत्याचा दाखला घेऊन मालक स्वतःच पालिकेकडे अर्ज करतो: माझी इमारत धोकादायक आहे, कृपया मला नोटीस द्या. आपल्याच घराविरुद्ध तक्रार करणाऱ्या या उत्साहाचे कौतुक करताना मुख्याधिकाऱ्यांनी जरा सावध असावे.

ही पळवाट न्यायालयांच्या नजरेतून सुटलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. इमारतीचे संरचनात्मक परीक्षण व्हावे. मालकाचा अभियंता एक सांगतो आणि भाडेकरूंचा दुसरे, असे झाले तर तांत्रिक सल्लागार समितीने निर्णय द्यावा. आणि पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे नाव व त्याच्या जागेचे क्षेत्रफळ यांची नोंद करावी. इमारतींची सी-१, सी-२ आणि सी-३ अशी वर्गवारीही तेव्हापासून रूढ झाली. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. दुरुस्तीने वाचू शकणारी इमारत त्या वर्गात बसत नाही. मूळ सूचना मुंबई महापालिकेसाठी होत्या. पुढे २०१५ मध्ये राज्याच्या नगरविकास विभागाने याच धर्तीवर इतर नागरी संस्थांनाही निर्देश दिले.

त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने शहा रतनसी खिमजी अँड सन्स विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या महाराष्ट्रातीलच प्रकरणात एक मूलभूत प्रश्न निकालात काढला. महापालिकेने इमारत पाडली, आता भाड्याची जागाच अस्तित्वात नाही, मग भाडेकरार कशाचा? असा मालकाचा युक्तिवाद होता आणि एका जुन्या निकालाचा त्याला आधारही होता. तो जुना निकाल या पीठाने रद्दबातल ठरवला. भाडेपट्टा केवळ भिंती आणि छपराचा नसतो, त्याखालच्या जमिनीशीही तो जोडलेला असतो. इमारत पडली म्हणून भाडेकरूचे नाते आपोआप संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पालिकेच्या नोटिशीने भाडेकरू कायमचा सुटतो, ही बाजारात ऐकू येणारी समजूत त्यामुळे खोटी ठरते.

हक्क शिल्लक राहिला, हे खरे. पण तो हक्क घेऊन उभे राहायचे कोठे? रिकाम्या भूखंडावर भाडेकरूचा कायदेशीर संबंध टिकतो, परंतु मालकाला तेथे ठरावीक मुदतीत इमारत बांधायला लावणारा हमीचा धागा या दुसऱ्या मार्गात नाही. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, संक्रमण शिबिरे आहेत. त्यांच्या दशेबद्दल बोलावे तेवढे थोडे. तरी ती आहेत. गोंदियाच्या भाडेकरूला यांपैकी काहीच नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ३२ हजार लोकसंख्या असलेल्या या शहरात पाडलेल्या इमारतीतील दुकानदाराने पुढचे पंधरा महिने माल कोठे ठेवायचा, गिऱ्हाईक कसे टिकवायचे, हे त्याचे त्याने पाहायचे. कलम १६ ची तपशीलवार अटींची यादीसुद्धा या मधल्या काळाबद्दल गप्प आहे. पर्यायी जागा किंवा तिचे भाडे मालकाने द्यावे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. मोठ्या शहरांत विकासक ते देतात, कारण त्यांना इमारत लवकर रिकामी हवी असते. गोंदियात विकासकाचा नफा तेवढा नसतो. म्हणून येथील बहुतेक वाद न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर मधल्या काळातील थकव्याने मिटतात. भाडेकरू काही रक्कम घेऊन निघून जातो आणि ती रक्कम त्याच्या परतीच्या हक्काच्या किमतीच्या जवळपासही नसते.

परतीच्या हक्काला आणखी एक तारीख बांधलेली आहे. हुकूमनाम्यानंतर भाडेकरूने जागा रिकामी करून दिली, की त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत त्याने मालकाला लेखी कळवायचे असते, की नवी इमारत झाल्यावर मी तेथे येणार आहे. हमी मालकाने दिली आहे, न्यायालयाने नोंदवली आहे, मग पुन्हा कळवायचे कशाला, असे सामान्य माणसाला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. दुकान हलवण्याच्या धांदलीत हे सहा महिने कसे निघून जातात ते कळतही नाही. उलटपक्षी, ठरल्या मुदतीत मालकाने पाडकामच सुरू केले नाही, तर जुन्याच जागेत परत जाण्यासाठी भाडेकरूला दाद मागता येते. तीही मुदतीत मागावी लागते.

शहराबाहेर तर चित्र याहून वेगळे आहे. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी किंवा अर्जुनी मोरगाव येथे अलीकडच्या काळात नगरपंचायती आल्या, बाजार वाढला, गाळे वाढले. पण नगरपंचायत आली म्हणजे भाडे नियंत्रण आले असे होत नाही. अनुसूचीबाहेरच्या गावात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०६ लागू होते आणि महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. पाडायचे आहे की नाही, हे तेथे मालकाला सांगावेही लागत नाही. लेखी करार करून मुदत ठरवून घेणे, हाच तेथील दुकानदाराचा एकमेव आडोसा.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही पुनर्बांधणीसाठी वा पाडकामासाठी ताबा मागण्याचे कारण आहे. मात्र भाडेकरूने नव्या जागेत परतणे हे दोघांच्या परस्पर संमतीवर आणि तसा करार भाडे प्राधिकरणाकडे दाखल करण्यावर सोडले आहे. म्हणजे महाराष्ट्रात आज जो हक्क आहे, तो तेथे वाटाघाटीचा विषय होतो. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा मसुदा लागू होत नाही. तो स्वीकारावा अशी मागणी घरमालक आणि विकासक करणार, हे उघड आहे. भाडे गोठवण्याबद्दलची त्यांची तक्रार रास्त असली, तरी तिचे उत्तर परतीचा हक्क काढून घेण्यात शोधण्याचे कारण नाही. भाडे वाढवून द्यावे आणि गाळा परत मिळावा, या दोन गोष्टी एकाच करारात बसू शकतात.

तसे करार होण्याजोगी एक वाट डिसेंबर २०२० पासून खुली आहे. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत भाडेकरूव्याप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्राची सोय आहे आणि ती नगर परिषदांच्या हद्दीतही लागू आहे. जुन्या बाजारातील अरुंद रस्ते आणि वाहनतळाचे नियम पाहता प्रत्येक भूखंडावर ते वाढीव क्षेत्र वापरता येईलच असे नाही. पण दोन-तीन लगतचे मालक आणि त्यांचे भाडेकरू एकत्र आले, तर गणित बदलते. मालकाला विक्रीयोग्य क्षेत्र मिळते, भाडेकरूला दर्शनी गाळा मिळतो. अडचण एवढीच, की लगतचे तीन मालक एकत्र येणे हे दिवाणी दाव्याहून सोपे असते असे गोंदियाच्या बाजारात कोणी म्हणणार नाही.

तोवर दुरुस्तीचा जुना, विसरलेला उपाय शिल्लक आहे. घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे १९९९ च्या कायद्याचे कलम १४ सांगते. त्याने ते केले नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम भाड्यातून वळती करू शकतो. महिना २६७ रुपये भाड्याच्या गाळ्यात ही रक्कम वर्षाला ८०१ रुपये होते. तेवढ्यात छप्पर होत नाही, पण नोटिशीची पोच मिळते. उद्या पालिकेच्या यादीत ती इमारत आली आणि ती धोकादायक कोणामुळे झाली हा प्रश्न न्यायाधीशापुढे उभा राहिला, तर ती पोच, भाड्याच्या पावत्या आणि पाडण्यापूर्वी पालिकेच्या अभियंत्याने फीत लावून नोंदवलेले गाळ्याचे मोजमाप, हे तीन कागद भाडेकरूच्या हाती असतात. भिंत पडल्यावर यांतील तिसरा कागद मिळवता येत नाही.